इम्प्लांट काढल्यानंतरचे महिने: माझा अनुभव

स्तनातलं इम्प्लांट काढायची तारीख जिची ठरली आहे, तिच्यासाठी हे लिहिते आहे. इम्प्लांट बसवताना सगळं समजावून सांगतात, नमुना हातात देतात, फोटो दाखवतात. ते काढून घरी गेलेल्या बाईचे पुढचे महिने कसे जातात, हे मात्र मला नीटसं कुणी सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर कितीतरी रात्री शांत झोप लागली असती.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी साताऱ्याची. २०१३ साली डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. स्तन काढला, त्याच जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, मग रेडिएशन झालं. शरीरात परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती स्वतःचा एक पडदा तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. तो सगळ्यांच्याच शरीरात होतो आणि पुष्कळजणींना त्याचा काही त्रास नसतो. काहीजणींचा पडदा मात्र जाड होत जातो, आवळत जातो, आणि रेडिएशन घेतलेल्या छातीत हे जास्त होतं. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊ असतो. चौथीत तो कडक, आकार बिघडलेला आणि दुखरा होतो. मी चौथीपर्यंत पोचले होते. थंडीत डावी बाजू दगडासारखी गार पडायची, कुशीवर झोपणं बंद झालं होतं.

पुण्याच्या सर्जननी एमआरआय करायला सांगितला आणि त्यात इम्प्लांटचं कवच फाटलेलं दिसलं. आतलं सिलिकॉनचं जेल कॅप्सूलच्या आतच होतं, बाहेर पसरलं नव्हतं. फाटलेलं कवच आत चुरगळून पडलेलं असतं, त्याच्या वळ्या चित्रात दिसतात. कधी फाटलं ते मला कळलंही नव्हतं. सिलिकॉनचं इम्प्लांट पुष्कळदा असंच गुपचूप फाटतं, म्हणून अमेरिकेची औषध नियंत्रण संस्था आता सांगते की काही त्रास नसला तरी बसवल्यापासून पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. इम्प्लांट जन्मभरासाठी नसतं, हेही तीच संस्था सांगते. कुणाकडे इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड फाइलीत जपून ठेवा. कंपनी, मॉडेल, लॉट नंबर त्यावरच असतो. मला ते शेवटपर्यंत उपयोगी पडलं.

समोर तीन रस्ते होते. नवीन इम्प्लांट, पोटाचं मांस घेऊन स्तन तयार करणं, किंवा सगळं काढून छाती सपाट शिवून घेणं. पोटाची शस्त्रक्रिया फार मोठी, आणि रेडिएशन झालेल्या कातडीखाली पुन्हा इम्प्लांट म्हणजे पुन्हा तोच धोका. मी सपाट म्हणाले. नातेवाइकांमध्ये कुजबुज झाली, ‘या वयात काय बिघडतं, तसंच राहू दे’ असंही ऐकलं. नवरा एवढंच म्हणाला, ‘दुखतंय तुला, ठरव तू.’ सपाट शिवणं म्हणजे नुसतं काढून टाके घालणं असा पुष्कळांचा समज असतो. उरलेली कातडी नीट बसवायची, काखेखाली लोंबता मांसाचा गोळा राहू द्यायचा नाही, हे सर्जनला आधीपासून मनात ठेवावं लागतं. ‘जादा कातडी कुठे जाणार?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारा आणि उत्तर कागदावर चित्र काढून घ्या. मी तसं घेतलं होतं.

विम्याचंही आधीच बघा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीय गरजेचे उपचार त्या बंदीतून वगळलेले असतात. पॉलिसीत त्या कलमावर ‘एक्सेल ०८’ असा क्रमांक दिसेल. सर्जनच्या पत्रात कॅन्सरचा इतिहास, कवच फुटल्याचा अहवाल आणि ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ हे शब्द असले की बोलणं सोपं जातं.

इंटरनेटवर वाचून मी विचारलं होतं की इम्प्लांट आणि कॅप्सूल अखंड एका गाठोड्यात काढाल का. सर्जन म्हणाले, इम्प्लांटभोवती होणारा दुर्मिळ लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) असेल तर तसं काढणं गरजेचं. एरवी त्यासाठी मोठा छेद देऊन आणखी फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. माझी कॅप्सूल बरगड्यांना चिकटलेली निघू शकते, तिथे फार ओरबाडलं तर फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका, म्हणून एखादा तुकडा तिथेच ठेवावा लागेल, हेही त्यांनी आधी सांगून ठेवलं. तसंच झालं.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, मी झोपलेलीच होते. जाग आली तेव्हा छातीवर घट्ट पट्टा आणि काखेखालून निघालेल्या दोन नळ्या होत्या. दुखणं माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. इतकी वर्षं आतून आवळणारं ते ओझं गेलेलं पहिल्याच तासात कळलं. श्वास छातीभर जात होता. डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या असल्याने त्या हाताचं ब्लडप्रेशर घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, हे प्रत्येक पाळीच्या सिस्टरला मी स्वतः सांगत होते. फाइलवर लिहिलेलं असतं, तरी सांगा.

ड्रेन, म्हणजे त्या नळ्या, असेपर्यंत पुण्यातच, कोथरूडला ताईकडे राहिले. बाहेरगावच्या बायकांनी हे जरूर करावं. अर्ध्या रात्री काही झालं तर खंबाटकी घाट उतरून यायचं म्हणजे जिवाला घोर.

ड्रेनची सगळ्यांना धास्ती असते, आणि खरंतर घरी आल्यावरचं मुख्य काम तेच. आतल्या रिकाम्या जागेत झिरपणारं पाणी आणि रक्त नळीतून बाहेर एका डबीत जमतं. डबी दाबून हवा काढून बंद केली की ती ओढ धरते. रोज ठरावीक वेळी झाकण उघडायचं, मापात ओतायचं, मिलिलिटर लिहायचे, रंग लिहायचा. आधी लाल, मग गुलाबी, शेवटी पेंढ्यासारखा पिवळा. नळीत गुठळी अडकते. ती वरून खाली बोटांनी दाबत सरकवायची. माझी भाची अकरावीतली, तिने तक्ता करून भिंतीवर लावला आणि रोज संध्याकाळी स्वतः मोजायची. ‘मावशी, आज कमी झालं गं!’ म्हणून ओरडायची तेव्हा घरातले सगळे खूश व्हायचे. चोवीस तासांत तीस मिलिलिटरच्या खाली, तेही लागोपाठ दोन दिवस, तेव्हाच नळी काढू, असं सर्जननी सांगितलं होतं. एक नळी लवकर निघाली. दुसरी बरीच रेंगाळली, कारण रेडिएशनच्या कातडीला सगळं हळूहळू भरून येतं. नळ्या लोंबू नयेत म्हणून ताईने जुन्या साडीच्या काठाचा पट्टा गळ्यात घालायला दिला, त्याला डब्या अडकवायच्या. नळी काढताना दीर्घ श्वास सोडायला लावतात. ओढल्यासारखं वाटतं आणि संपतं.

झोप पाठीवर, अर्धवट बसून, तीन उशा लावून. कपडे समोरून बटणांचेच. डोक्यावरून घालायचे गाऊन तेवढे दिवस कपाटात. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पाण्याची कळशी, कुकर, पिशवी काही उचलायचं नाही. पण हात नुसता पोटाशी धरून बसले तर खांदा आखडतो, म्हणून बोटं, मनगट, कोपर पहिल्याच दिवसापासून हलवायला सांगितलं होतं. वेणी घालता येत नव्हती. आई ऐंशीच्या पुढची, तिने माझे केस विंचरून रोज वेणी घातली. बोलत नसायची. मला ते फार बरं वाटायचं.

खाण्यावरून घरात वाद झाला. ‘आंबट नको, वांगं नको, भात नको, जखमेत पू होतो’ हे सगळ्या बायकांनी एका सुरात सांगितलं. सर्जन आणि आहारतज्ज्ञ दोघांनी स्पष्ट सांगितलं की जखम भरायला प्रथिनं लागतात: अंडी, डाळ, उसळ, दही, पनीर, आणि क जीवनसत्त्वासाठी संत्रं, लिंबू, पेरू. मी सगळं खाल्लं. माझ्या आजीच्या काळी त्या पथ्याला जो काही आधार असेल तो असो, आज ऑपरेशन झालेल्या बाईला मुगाच्या पाण्यावर ठेवणं मला पटत नाही. दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी मात्र पोट साफ होत नाही. त्यावर काय घ्यायचं ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.

पहिलं ड्रेसिंग उघडलं तेव्हा मी बघितलं. पुष्कळजणी बघत नाहीत, तेही ठीक आहे. मला दिसली ती सुजलेली, जांभळी, खड्डे आणि उंचवटे असलेली जागा. मी रडले. सर्जननी सांगितलं की आता जे दिसतं त्यावरून काही ठरवायचं नाही. सूज उतरायला काही आठवडे ते महिने जातात आणि टाक्याचा वण मऊ आणि फिका व्हायला वर्षभर, कधी त्याहून जास्त. ते खरं निघालं. वळकट्या बसल्या, रंग गेला, मधला खड्डा पुष्कळ भरून आला. बरगड्यांवर इतकी वर्षं दाब असल्याने तिथे थोडी पोकळी राहिली आहे, ती राहणार. मुंग्या, अचानक करंट लागल्यासारखी कळ, नसलेल्या स्तनाला खाज, हेही झालं. हे तुटलेल्या मज्जातंतूंचं काम, घाबरू नका.

घाबरायचं कशाला ते वेगळं आहे. एकाएकी एका बाजूला फुगणं, कातडी लाल आणि गरम होणं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वासाचं पाणी, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर फोन करत न बसता थेट दवाखान्यात जा.

नळी काढल्यावर माझ्या छातीत पाणी साचलं. चालताना आत डुचमळायचं, त्या विचित्र भावनेने रात्री धड झोप लागायची नाही. याला सेरोमा म्हणतात आणि तो होतो. ओपीडीत सुईने काढलं; कातडी बधिर असल्याने टोचल्याचं कळलंही नाही. परत साचलं, परत काढलं, मग हळूहळू थांबलं. या काळात माझा धीर सुटला होता. घट्ट पट्टा घालून राहायचं, हात जपायचा आणि पाणी वाढतंय का बघायचं, यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं.

कॅप्सूल तपासणीसाठी पाठवली होती. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेच्या सांगण्यावरून खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट्स जगभर परत घेतली गेली, कारण त्यांच्याशी त्या लिम्फोमाचा संबंध दिसला होता. माझ्या कार्डावर पृष्ठभाग खरखरीतच होता. हा आजार अगदी विरळा आहे, आणि त्रास नसलेल्या बाईने केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढावं असं तीच संस्था सुचवत नाही, हे माहीत असूनही रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तो लिम्फोमा शोधणारी ‘सीडी ३०’ नावाची खास तपासणी लॅबला करायला सांगितली होती. रिपोर्ट स्वच्छ आला. तुमचंही कॅप्सूल आणि पाणी पॅथॉलॉजीला जातंय ना, हे आधी विचारून घ्या.

काही मैत्रिणींनी विचारलं, थकवा गेला का, सांधे मोकळे झाले का. इम्प्लांटमुळे अशी सगळी दुखणी होतात असं कितीतरी बायका सांगतात आणि काढल्यावर बरं वाटल्याचंही सांगतात. त्याची अशी एक ठरलेली तपासणी नाही. माझं खांद्याचं दुखणं गेलं, झोप सुधारली. थकवा वयाचा होता की इम्प्लांटचा, त्यावर मी दावा करणार नाही. दावा न करताही मला बरं वाटतं.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितले तसे केले: भिंतीवर बोटं चढवत नेणं, दरवाजाला दोरी अडकवून दुसऱ्या हाताने आजारी हात वर ओढणं. केस स्वतः बांधता आले तो दिवस माझ्यासाठी मोठा होता. घराकडे गाडीने येताना सीटबेल्ट आणि छाती यांमध्ये छोटी उशी धरा.

मग राहिला कपड्यांचा प्रश्न. उजवा स्तन तसाच, डावीकडे सपाट. ब्लाऊजच्या आत घालायची सिलिकॉनची फॉर्म, म्हणजे नकली स्तन, बाजारात मिळते, पण ताज्या वणावर ती जड आणि गरम होते. मुंबईची सायशा इंडिया फाउंडेशन ही संस्था दोऱ्याने विणलेले हलके स्तन गरजू बायकांना विनामूल्य देते. मला ते माहेरच्या एका मैत्रिणीकडून कळलं. धुवायला सोपे, घाम शोषतात. शिंपीणबाईंनी ब्लाऊजला आतून सुती अस्तर लावून एक खिसा शिवून दिला, बटणं पुढे, आणि काखेची शिवण वणावर येणार नाही अशी सरकवली. घरात मी काहीच घालत नाही. कुर्ता सैल असला की कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी हरकत नाही.

तपासणी चालूच आहे. उजव्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. डावीकडे मॅमोग्राफी होत नाही, पण कॅन्सर छातीच्या कातडीत परत येऊ शकतो, म्हणून महिन्यातून एकदा साबणाच्या हाताने वणावरून, वणाच्या वरखाली आणि काखेत बोटं फिरवते. आधी इम्प्लांटच्या कडकपणात काही समजायचंच नाही. आता प्रत्येक बरगडी मोजता येते. तांदळाच्या दाण्याएवढं काही नवीन लागलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं, असं सर्जनच्या आणि माझ्यात ठरलं आहे.