चंद्रपूर तापतं ते थर्मलमुळेच ना?

लग्नकार्यात पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक भेटले की ख्यालीखुशाली झाल्यावरचा प्रश्न ठरलेला असतो: "तुमचं चंद्रपूर एवढं तापतं ते त्या थर्मलमुळेच ना?" थर्मल म्हणजे आमच्याकडचं कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र. ताडोबा बघायला आलेले पाहुणे हेच विचारतात. ज्यांना मी नववी-दहावीला भूगोल शिकवला ती मुलं आता चाळिशीची झाली, तीसुद्धा मे महिन्यात फोन करून विचारतात. दरवेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि मग मला चुटपुट लागते. कारण 'हो' म्हटलं तर ते पुरतं खरं नाही, आणि 'नाही' म्हटलं तर ऐकणारा निर्धास्त होऊन घरी जातो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बैजवार सांगते.

चंद्रपूर थर्मलच्या आधीही तापायचं. थर्मलचा पहिला संच 1983 साली सुरू झाला. त्याआधीचे उन्हाळे मला चांगले आठवतात. दाराला वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर तासातासाला पाण्याचा हबका, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आपलं गाव जवळजवळ 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 20 मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी गच्चीवर स्टीलचा उभा पेला ठेवा. त्याची सावली त्याच्या बुडाखाली जाऊन नाहीशी होते. सुट्टीत गल्लीतली पोरं गोळा करून मी हे कितीदा दाखवलंय. जुलैत सूर्य पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यात ढग नाही, समुद्र शेकडो किलोमीटर लांब, उंची जेमतेम दोनशे मीटर, आणि वायव्येकडून येणारा कोरडा, भाजून निघालेला वारा. मग रोहिणी नक्षत्राबरोबर नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. एवढं पुरेसं आहे. यात चिमणीचा हात नाही.

आता थर्मलची उष्णता. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडायचे. केंद्राची आजची क्षमता 2,920 मेगावॉट. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वीज होतो, बाकीची उष्णता कूलिंग टॉवरमधून आणि चिमण्यांतून हवेत जाते. म्हणजे सगळे संच पूर्ण ताकदीने चालले तर साडेपाच-सहा हजार मेगावॉट उष्णता नुसती बाहेर पडते. आकडा ऐकून पोरं 'बाप रे' म्हणायची. मग मी पुढची ओळ लिहायचे. भर दुपारी एका चौरस किलोमीटरवर सूर्य सुमारे एक हजार मेगावॉट ओततो. म्हणजे सगळ्या थर्मलची वाया जाणारी उष्णता ही साडेपाच-सहा चौरस किलोमीटरवरच्या उन्हाएवढी. आपला जिल्हा सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. थर्मलला लागून असलेल्या ऊर्जानगर-दुर्गापूरकडे त्याची झळ लागत असेल, पण जिल्ह्यातल्याच लांबच्या ब्रह्मपुरीचा पारा तेवढ्याने चढत नाही.

इथवर आलं की विचारणारे म्हणतात, "म्हणजे थर्मलचा काही संबंध नाही तर!" आणि तिथेच मला त्यांचा हात धरून बसवावंसं वाटतं.

चिमणीतून निघणाऱ्या गोष्टी दोन वाटांनी जातात. एक वाट जवळची, दुसरी लांबची. लांबच्या वाटेने जातो तो कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, तो खोकला आणत नाही. आपल्याकडच्या एक किलो कोळशातून दीड किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. जाळलेल्या वस्तूपेक्षा धूर जड कसा, असं पोरं विचारायची. कारण कोळशातल्या कार्बनच्या प्रत्येक 12 भागांना हवेतला 32 भाग ऑक्सिजन येऊन चिकटतो. कोळशावरची एक युनिट वीज म्हणजे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड, हे लक्षात ठेवायला सोपं. हा वायू जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवून धरतो. कोळसा जळताना जेवढी उष्णता मोकळी झाली तेवढी तर त्यातून निघालेला वायू काही महिन्यांतच अडवतो. आणि त्यानंतर त्याचा मोठा भाग शेकडो वर्षं हवेत राहून तेच करत राहतो. भट्टीची झळ संध्याकाळी निवते, ही निवत नाही. म्हणून कूलिंग टॉवरच्या वाफेकडे बोट दाखवून 'यामुळे तापतंय' म्हणणाऱ्यांना मी सांगते, जी दिसते ती नुसती पाण्याची वाफ आहे. जे तापवतंय ते दिसत नाही.

कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे 280 भाग होता. 1958 साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा 315 च्या आसपास होता. आता 420 च्या पुढे गेलाय. भारताचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, असं आपल्याच पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 सालच्या अहवालात आहे. सगळ्या जगाचं बघायचं तर 2024 हे आखं वर्ष कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं गेलं, जागतिक हवामान संघटनेने तसं जाहीर केलं. अर्धा-एक अंश म्हणजे काय, असं लोकांना वाटतं. ही सरासरी आहे हो. सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस बरेच वाढतात, आणि आम्ही आधीच टोकावर बसलेले. पूर्वी 46-47 चे चार दिवस काढले की झालं, अशी सवय होती. त्या चारांचे आठ झाले की कामावर जाणाऱ्या माणसाचं शरीर मोडतं.

आता जवळची वाट. ही सांगताना मला आईच्या शेगडीपासून सुरुवात करावी लागेल. आमच्याकडे दगडी कोळसा स्वस्त. पहाटे पाचला आई अंगणात शेगडी पेटवायची, खाली गोवरीचा तुकडा, वर कोळसा, आणि सुपाने वारा. पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसता पिवळट, जाड धूर. सगळ्या गल्लीत एकाच वेळी तोच धूर. शेगडी लाल झाली की ती घरात यायची आणि तिच्याबरोबर आईचा खोकलाही. त्या खोकल्याला आम्ही 'सकाळचा खोकला' म्हणायचो, जसं काही तो घड्याळाचाच भाग होता. गॅस आला तेव्हा आईने पहिल्या दिवशी निळी ज्योत बराच वेळ बघितली होती.

आता उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालते. पांढऱ्या लुगड्यावर, वरून दुसरं पातळ लुगडं झाकून. संध्याकाळी वरचं लुगडं झटकलं की काळी-करडी भुकटी उडते. बोटांवर घेऊन चोळली तर थोडी मऊ लागते, थोडी रेतीसारखी. ती कुणाची, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यात रस्त्याची माती असते, ट्रकमधून सांडलेला कोळसा असतो, कुठली राख असते, कुठलं सिमेंट असतं, अजूनही पेटणाऱ्या शेगड्यांची काजळी असते. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. एवढं मोठं केंद्र पूर्ण चालवायचं तर दिवसाला चाळीस हजार टनांवर कोळसा लागतो, म्हणजे दहा हजार टनांहून जास्त राख रोज कुठेतरी ठेवायची. चिमणीला बसवलेली यंत्रं त्यातली बहुतेक पकडतात, पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हे. पकडलेली राखही शेवटी कुठेतरी पसरून ठेवलेली असते आणि एप्रिलचा वारा असतोच.

आणि लुगड्यावर पडते ती भुकटी त्यातल्या त्यात बरी म्हणायची, कारण ती दिसते आणि नाकात अडकते. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण असतात ते केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, तिथून रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध डॉक्टरांनी पक्का जोडलेला आहे. अशा कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत असावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. आपल्या देशाची मर्यादा 40 आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते. जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि आम्ही देशात चौथे आलो. त्या वर्षी वर्गात एका मुलाने विचारलं होतं, "बाई, चौथा नंबर म्हणजे चांगलं ना?" त्याच्या चेहऱ्यावरचा खरा आनंद मला अजून आठवतो. 2010 च्या जानेवारीत अतिप्रदूषित ठरलेल्या पट्ट्यांत नव्या उद्योगांवर तात्पुरती बंदी आली, पुढे ती उठली. 2015 च्या डिसेंबरात कोळशावरच्या केंद्रांसाठी नवे नियम निघाले. त्यात गंधकाचा वायू अडवणारी यंत्रणा बसवायची होती. तो वायू हवेत गेल्यावर त्याचेच पुन्हा बारीक कण होतात आणि शेकडो किलोमीटर जातात. दोन वर्षांची मुदत होती. ती वाढत वाढत गेली आणि 2025 च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच दिली गेली. मला हे पटलेलं नाही आणि ते मी स्पष्ट लिहिते. खर्चाचा हिशेब सांगतात, तेव्हा दवाखान्यांतली बिलं त्या हिशेबात कुणी धरत नाही.

एक गोष्ट मात्र समजायला मला स्वतःलाच वेळ लागला. गंधकाचे हे कण ऊन थोडं परतवतात. म्हणजे धुराच्या चादरीने आपल्याला खऱ्या तापमानवाढीपासून काही अंशी झाकून ठेवलंय. हे ऐकून एका हुशार मुलीने लगेच विचारलं होतं, मग धूर असू द्यावा का? नाही बाळा. कण आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात, वायू शेकडो वर्षं वर राहतो. धूर साफ करायचाच आहे, पण नुसता धूर साफ करून कोळसा तेवढाच जाळत राहिलो तर झाकलेली उष्णता उघडी पडेल. दोन्ही एकदमच कमी व्हायला हवेत, आणि दोन्हींचं मूळ एकाच भट्टीत आहे.

तुम्ही पुण्या-मुंबईचे म्हणून आणखी एक सांगते. चंद्रपूरपासून थेट कल्याण-भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची वीजवाहिनी आहे, 1999 सालापासून. पंधराशे मेगावॉट वाहून न्यायची तिची ताकद. राख इथे राहते, वीज तिकडे जाते, आणि कार्बन डायऑक्साइड सगळ्यांच्या वाट्याला येतो. हे मी भांडणासाठी म्हणत नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरात थर्मलच्या आणि खाणींच्या पगारावर चूल पेटली, मुलं इंजिनियर झाली. आणि आपला माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला त्याच्या सातपट. त्यामुळे सगळा दोष ऊर्जानगरच्या भिंतीत चिणून मोकळं होणं मला जमत नाही. पण मे महिन्यात तिकडे एसी अठरावर लावून इथे फोन करून 'कसे राहता हो तुम्ही' असं कुणी विचारलं, की मला वाईट वाटतं.

कसे राहतो ते सांगते. ज्यांच्याकडे कूलर आहे ते कूलरच्या ताट्या बदलून राहतात. कूलर कोरड्या हवेतच गार करतो. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर हवा दमट होते, पारा 38 वर येतो आणि तरी 45 पेक्षा जास्त जीव घाबरतो, कारण घाम वाळत नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणून हे चिकट दिवस मला कोरड्या उन्हापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. वर टिनाचं छप्पर असलेल्या घरात तर रात्रीही उसंत नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायका ऊन चढायच्या आत परतायचं म्हणून अंधारातच रानात शिरतात, आणि त्या वेळी तिथे वाघही फिरत असतो. माझ्याकडे धुणीभांडी करायला येणारी ताई माहेरच्या गावाकडची अशी एक गोष्ट सांगत होती, आणि मध्येच थांबून तिने नळ सुरू केला.

म्हणून उत्तर असं: आमचं ऊन जुनं आहे, त्यावरचा वाढलेला ताप कोळशाचा आहे. तो फक्त इथल्या कोळशाचा नाही, जगभरात जाळलेल्या सगळ्या कोळशा-तेलाचा आहे, आणि त्यात इथल्या चिमण्यांचाही वाटा आहे. धूळ-धूर मात्र बराचसा इथलाच, आणि तो इथेच कमी करता येतो. कोळशाचे ट्रक नीट झाकून जावेत, राख ओली ठेवावी, जुने संच बंद करताना त्यांच्या जागी सूर्याची वीज यावी आणि तिच्यात इथल्याच पोरांना काम मिळावं, बांधकामावरच्या माणसाला दुपारी बारा ते चार सुट्टी मिळावी. यातलं काहीच नवीन नाही, मी बारा वर्षं प्रत्येक सभेत हेच बोलते आणि पुढेही बोलणार आहे.

तुम्ही म्हणता, उन्हाळ्यात नको, डिसेंबरात येतो. या. पण आमची हवा डिसेंबर-जानेवारीतच सगळ्यात वाईट असते. रात्री जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, धूर तिच्यातच कोंडतो. सकाळी सहाला आपण परकोटाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या, कडेने चालायला जाऊ. गोंडराजांच्या वेळचे ते काळे दगड हाताला गार लागतील आणि समोरचं जटपुरा गेट अगदी जवळ जाईपर्यंत दिसणार नाही. पाहुणे त्याला धुकं म्हणतात. नाकाला रुमाल लावा, आणि घरी आल्यावर तो उलटा करून बघा.