कटॉबा नदीच्या खळाळातली लिली

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन लँड्सफर्ड कनाल स्टेट पार्कला गेलो. अमेरिकेतल्या शार्लट शहरातून गाडीने पाऊण-एक तास, साउथ कॅरोलायनात कटॉबा नदीच्या काठी. गेलो ते फक्त ‘रॉकी शोल्स स्पायडर लिली’साठी. ही लिली अलाबामा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना या तीनच राज्यांत उगवते, आणि तिचा सर्वांत मोठा ताटवा इथे आहे.

गाडी लावून नदीकाठच्या वाटेने चालायला लागायचं. वाट सपाट आणि सावलीची आहे, त्यामुळे गुडघे दुखत असूनही आई न थांबता आली. पाऊण मैलाच्या आसपास लाकडी सज्जा येतो आणि झाडी संपून एकदम नदी उघडते. पात्रभर खडक, त्यांच्यामधून धावणारं उथळ पाणी आणि त्या पाण्यातच उभे हिरवे झुपके, वर पांढरी फुलं. आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही.

“अरे, ही तर आपल्या सोसायटीतल्या स्पायडर लिलीची बहीण!” आई म्हणाली. खरंच एकाच कुळातली. तसाच पांढरा पातळ पेला, तशाच लांब अरुंद पाकळ्या. “पण पुरात वाहून कशी जात नाही?” तिने विचारलं. हिचा कंद खडकाच्या भेगेत घट्ट रुतलेला असतो. बीसुद्धा जड, तरंगत नाही, बुडतं आणि भेगेत अडकून तिथेच रुजतं. भरपूर ऊन, उथळ वाहतं पाणी आणि खडक, तिन्ही हवं. म्हणूनच धरणं झाली तिथे असे खळाळ जलाशयाखाली गेले आणि लिलीही गेली. हे आईला सांगताना माझाच आवाज बसला.

एका दांड्यावर बऱ्याच कळ्या असतात, पण प्रत्येक फूल संध्याकाळी उमलतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं.

जाणार असाल तर दुर्बीण न्याच. फुलं सज्जापासून बरीच दूर असतात, मोबाइलवर पांढरे ठिपके येतात. सकाळी ऊन समोरून येतं, फोटोसाठी दुपारनंतरची वेळ बरी. बहर मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. शनिवार-रविवार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. डास आणि गोचिडांसाठी पायाला औषध चोळा, पायवाट सोडू नका, पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज-पुरळ आणणारी वेल) आहे. पाण्यात उतरून झुपक्यांजवळ जाऊ नका. खडक निसरडे असतात आणि पायाखाली कंद तुटतात.

जवळून बघायचंच असेल तर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी घ्या. निघण्याआधी रॉक हिल शहराजवळची नदीची पाणीपातळी ऑनलाइन पाहा. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नदी चढते.

वेळ असेल तर पार्कला ज्याचं नाव आहे त्या जुन्या कालव्याच्या वाटेने पुढेही जा. होड्यांना हा खळाळ चुकवता यावा म्हणून १८२० च्या दशकात हा कालवा खोदायला घेतला होता. त्याचं दगडी बांधकाम अजून उभं आहे.