तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिंगचा आपल्या गाडीशी संबंध काय?

बॉनेट उघडलं की हा प्रश्न येतोच. बीड-लातूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला फॉर्म्युला वनचा काय उपयोग?

पूर्वी मी ठामपणे सांगायचो, ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, रेसिंगनेच दिला. ते चूक होतं. इंधन आणि ठिणगी एकाच ईसीयूकडे सोपवणारी बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही यंत्रणा १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या रस्त्यावरच्या गाडीत आली, ट्रॅकवर नंतर गेली. पण कस लागला तो तिथेच. १९८६ साली फॉर्म्युला वनच्या अख्ख्या शर्यतीला १९५ लिटर पेट्रोल, मध्ये भरायला बंदी. जर्मनीत शेवटच्या फेरीत अ‍ॅलेन प्रोस्ट या ड्रायव्हरची मॅकलारेन गाडी कोरडी पडली आणि तो उतरून गाडी ढकलू लागला. थेंबाचा हिशेब तिथे असा वसूल होतो.

आता आपल्याकडचं बघा. मे महिना, ४२ अंश, पाच माणसं, एसी चालू, चाळीसगावकडून कन्नडचा घाट. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात दर १० मिलिसेकंदाला एक ठिणगी पडते. मिश्रण आपोआप पेटलं की ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ती खटखट ऐकतो, ईसीयू त्याच सिलिंडरची ठिणगी क्रँकच्या फेरीत दोन-तीन अंश उशिरा टाकतो आणि मग हळूहळू पूर्ववत करतो. पिकअप कमी वाटतो, पण पिस्टन वाचतो.

एका गाडीत तो वाचला नाही. सेन्सर नवा होता, पण कुणीतरी खाली वॉशर घातला होता, ब्लॉकचा पृष्ठभाग घासलाच नव्हता आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळला होता. तार शाबूत, सिग्नल येत होता, फक्त दबका. म्हणून स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. ईसीयूला खटखट ऐकूच आली नाही. तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली, कॉम्प्रेशन गेलं, निळा धूर सुरू झाला. इंजिन खोलावं लागलं. आजही राग येतो, कारण काम दहा मिनिटांचं होतं: पृष्ठभाग स्वच्छ, वॉशर नाही, टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, साधारण २० न्यूटन मीटर. अचूक आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

रेसिंगच्या पिटमध्ये असा बोल्ट टॉर्क रेंचशिवाय, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय, कुणी आवळत नाही. ही शिस्त रेसिंगची की चांगल्या मिस्त्रीची, यावर माझं अजून ठरत नाही. तुमचा सेन्सर बदलताना मिस्त्रीने टॉर्क रेंच बाहेर काढला नाही, तर तिथेच थांबवा.