राज्य बाबांवर

लहान मुलांच्या कार्टून मालिकांत मोठी माणसे बहुधा दोनच कामांसाठी येतात: आधी बजावायला आणि शेवटी शाबासकी द्यायला. मधल्या वेळात मुले जग पालथे घालतात आणि आईवडील कुठे गेले, हे कोणी विचारायचे नसते. ‘ब्लुई’ या ऑस्ट्रेलियन मालिकेने मात्र आईवडिलांना सरळ खेळात ओढले आणि बहुतेक वेळा राज्य बाबांवर आणले. जो ब्रम यांच्या कल्पनेतून उतरलेली आणि ब्रिस्बेनच्या ल्यूडो स्टुडिओत तयार झालेली ही मालिका २०१८ मध्ये सुरू झाली. हीलर कुटुंबातले चौघेही कुत्रे आहेत: निळी ब्लुई, तिची धाकटी तांबूस बहीण बिंगो, बाबा बॅन्डिट आणि आई चिली. घर मात्र माणसांचे, क्वीन्सलंडमध्ये दिसते तसे व्हरांड्याचे, लाकडी. एक भाग साधारण सात मिनिटांचा असतो आणि त्यात खलनायक नसतो. फुगा जमिनीवर पडू द्यायचा नाही, एवढ्यावर एक अख्खा भाग उभा राहतो.

पहिल्याच भागात मुलींच्या हाती एक झायलोफोन येतो. तो वाजवला की समोरच्याने जागच्या जागी थिजायचे. बॅन्डिट थिजतो आणि मुली त्याची यथेच्छ फजिती करतात. त्याने नुसते खाली बसायचे ठरवले असते तरी ती जादू तिथेच संपली असती. पण तो हलत नाही आणि म्हणूनच खेळ टिकतो. आपण मोठी माणसे मुलांशी खेळताना सर्रास लबाडी करतो. एक डोळा घड्याळावर ठेवतो, मुद्दाम हरतो (आणि ते मुलांना लगेच कळते), आपल्या सोयीने ‘आता पुरे’ म्हणतो. नियम मोडणारा भिडू मुलांना खपत नाही, मग तो बाप असला तरी. खेळाचा हा करारीपणा मालिकेने जितका गांभीर्याने घेतला आहे, तितका मोठ्यांसाठीच्या मालिकांत नात्यांचाही घेतला जात नाही, असे माझे मत आहे.

बाहेरून जेवण आणण्याचा भाग मी कोणालाही आधी पाहायला सांगेन. पार्सल मिळालेले असते. फक्त स्प्रिंग रोल द्यायचे राहिलेले असतात आणि त्यासाठी पाच मिनिटे दाराबाहेर थांबायचे असते. मोठ्यांच्या हिशेबात पाच मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, पण हाताशी गरम जेवण आणि सोबत दोन मुली असल्या की त्या पाच मिनिटांना शेवट राहत नाही. भिंतीजवळचा नळ सुरू होतो, धाकटीला नेमकी तेव्हाच लघवी लागते, एक भानगड निस्तरावी तोवर दुसरी उभी राहते. बॅन्डिट बराच वेळ सगळे सावरण्याची धडपड करतो आणि मग एका क्षणी ती सोडून देऊन मुलींच्या पाणीखेळात सामील होतो. सगळा प्रसंग जवळजवळ एकाच जागी घडतो. वाट पाहणे या कंटाळवाण्या गोष्टीतून एवढे नाट्य काढायला लेखकाला मुलांबरोबर खरोखर ताटकळलेले असावे लागते.

बॅन्डिटने बापांकडून असलेल्या अपेक्षा फार वाढवून ठेवल्या, अशी कुरकूर ऐकू येते आणि ती अगदीच खोटी नाही. हा गृहस्थ पुरातत्त्वज्ञ आहे, चिली विमानतळावर सुरक्षेचे काम करते. तरी दोघांना खेळायला इतका वेळ कसा मिळतो, हे कोडेच आहे. मात्र त्यांचा थकवा मालिका लपवत नाही. एका भागात दोघे सोफ्यावर पार आडवे झालेले असतात आणि मुली त्यांनाच डोंगर समजून चढाई करतात. दुसऱ्या एका भागात दवाखाना-दवाखाना खेळताना बॅन्डिट रुग्ण होतो. पडून राहायला मिळणारी भूमिका पदरात पाडून घेणे, ही पालकांची कला चित्रकारांनी बरोबर टिपली आहे.

चिलीच्या वाट्याला मात्र हशा कमी येतो, म्हणून तरणतलावाचा भाग मला विशेष आवडतो. बॅन्डिट मुलींना घेऊन पोहायला निघतो; टोप्या, सनस्क्रीन, पाण्यातली खेळणी ही कटकट आईची, म्हणून सगळे घरीच राहते. तलावाशी पोहोचल्यावर एकेका विसरलेल्या वस्तूपायी मजा आटत जाते आणि खेळकर बाबांना काही सुचेनासे होते. मग चिली ती सगळी कंटाळवाणी सामग्री पिशवीत भरून येते आणि तेव्हा कुठे सगळ्यांना धड पोहता येते.