गाभण उंदरीण सारखी पोट का चाटते?

“मॅडम, आमची पांढरी उंदरीण गाभण आहे. दिवसभर पोट चाटत बसते. आजारी असेल का?” सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून विद्यार्थी आणि त्यांच्या आयाही मला हे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

बहुधा तिला काहीही झालेलं नसतं. एरवी उंदीर अंग साफ करतो ते ठरलेल्या क्रमानं: आधी पुढचे पंजे, मग तोंड, डोकं, अंग, शेवटी शेपटी. मादी गाभण राहिली की पंजे आणि पाठ मागे पडतात. सडांच्या दोन्ही रांगा आणि शेपटीखालचा भाग ती जास्त चाटू लागते. रॅट जातीच्या मादीला बारा सड असतात आणि गाभणकाळ जेमतेम 21 ते 23 दिवसांचा. तेवढ्यात सगळी तयारी व्हायची असते.

1960च्या दशकात अमेरिकेत लॉरेन रॉथ आणि जे रोझेनब्लाट यांनी गाभण माद्यांच्या गळ्यात रुंद पट्टे घातले, म्हणजे त्यांची जीभ सडांपर्यंत पोचू नये. त्या माद्यांच्या दूधग्रंथींची वाढ जवळजवळ निम्मीच झाली! पट्ट्याच्या त्रासानं असं झालं असेल, ही शंकाही त्यांनी सोडली नाही. खाच पाडलेले, चाटू देणारे पट्टे घालूनही पाहिलं, तेव्हा वाढ तशी खुंटली नाही. वर्गात हा प्रयोग सांगताना मी दरवेळी हरखून जाते. दूध येणं म्हणजे फक्त हार्मोन्सचं काम, असं आपण धरून चालतो. इथे मात्र आईची स्वतःची जीभ त्यांना हातभार लावते.

पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, सड शोधायचा तो वासावर. सड धुऊन टाकले तर त्यांना तो धरता येत नाही, आईची लाळ परत लावली की जमतं. म्हणून कृपा करून तिला साबणानं आंघोळ घालू नका.

एक मात्र बघा. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, उकाड्यात तो अंगभर लाळ पसरून थंड होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा ती पोटच नव्हे, सगळं अंग ओलं करून पसरून पडलेली दिसली, तर ते बाळंतपणाच्या तयारीचं लक्षण नाही. पिंजरा पत्र्याखालून लगेच सावलीत, वाऱ्यावर हलवा आणि पाणी भरलंय ना ते बघा.