डीएमआर डिकोडिंग : तिसऱ्या रात्री सापडलेला चोर

डीएमआर म्हणजे रेडिओवर आवाज आकड्यांत बदलून पाठवायची एक पद्धत. ती संगणकावर पकडून ऐकायचीच, असं गेल्या वेळी लिहिलं होतं. साहित्य असं: साधा निळा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर), जुना लॅपटॉप, एसडीआर शार्प (तो रिसीव्हर चालवणारं सॉफ्टवेअर), व्हर्च्युअल ऑडिओ केबल (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात नेणारी) आणि डीएसडी प्लस (डीएमआर उलगडणारा डिकोडर). सिग्नल माझ्याच टेबलावरच्या 10 मिलीवॅटच्या हॉटस्पॉटचा (इंटरनेटवरून आलेलं बोलणं रेडिओवर सोडणारी छोटी पेटी), म्हणजे हॅम मंडळींच्याच, परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्याच गप्पा. पोलीस, टॅक्सी वगैरेंच्या वाटेला जाऊ नका, ते आपल्या परवान्यात बसत नाही.

पहिल्या रात्री वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या आलेखावर, पट्टी दिसली, पण 435 मेगाहर्ट्झला असायला हवी तिथून चक्क 20 किलोहर्ट्झ सरकून. हिशेब केला, 46 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 46 भागांची चूक. तेवढी दुरुस्ती टाकली. अर्ध्या तासात डोंगल तापला आणि आकडा 49 वर गेला. तीन पीपीएम म्हणजे किती, असं वाटेल. पण इथे ते 1.3 किलोहर्ट्झ होतात. डीएमआर आकडे चार पातळ्यांवर पाठवतं, त्या मधल्या वारंवारतेपासून अधिक-उणे 648 आणि 1944 हर्ट्झवर असतात, म्हणजे दोन पातळ्यांत अंतर 1296चं. अख्खी एक पायरी घसरली की! सॉफ्टवेअर थोडंफार सांभाळून घेतं, तरी आता मी डोंगल आधी अर्धा तास तापवून मगच आकडा टाकतो.

दुसऱ्या रात्री 'फिल्टर ऑडिओ'ची टिक काढली, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) बंद केला. मानवी कानासाठी केलेली ही सजावट डिकोडरला नको असते, त्याला कच्चा माल हवा. सिग्नलचा ओळख-आकडा, म्हणजे कलर कोड दिसला, टॉकग्रुप (गप्पांचा गट) 404 दिसला. आवाज मात्र उकळत्या पाण्यासारखा, बुडबुड. वैतागून मी बाहेर खिडकीत मोठी अँटेना लावली. आणखी वाईट.

तिसऱ्या रात्री नीट पाहिलं, तर वॉटरफॉलवर एकाच सिग्नलची पाच-सहा भुतं. गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) 49.6 वर, म्हणजे कमाल, आणि हॉटस्पॉट हाताच्या अंतरावर. आठ बिटांचा, म्हणजे मोजायची पट्टी तोकडी असलेला बिचारा डोंगल कानाशीच्या ओरड्याने बहिरा झाला होता. अँटेना उपटून काढली, गेन निम्म्यावर आणला, आणि पलीकडच्या विंगमधले काका स्वच्छ बोलायला लागले. अँटेनाशिवाय! पैसे अँटेनेवर उडवायच्या आधी गेनचा खटका खाली ओढून बघा, एवढंच म्हणेन.

आवाज थोडा नाकातला येतो. डीएमआरमध्ये आवाजाला सेकंदाला 3600 बिट मिळतात, त्यातले 2450 बोलण्याचे, बाकी चुका सुधारायला. एवढ्या कंजुषीत माणसाचं बोलणं बसतं, कारण कोडेक (आवाज थोड्या बिटांत बसवणारं तंत्र) घशाचाच नमुना धरून बांधलेला असतो. घशाबाहेरच्या आवाजाशी त्याचं जमत नाही. काका बोलता बोलता त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, ती माझ्याकडे कुणीतरी कण्हल्यासारखी आली. मी घाबरून हँडसेट उचलला, "काका, सगळं ठीक ना?"

"ठीक म्हणजे काय रे? वरण शिजतंय."