सायबाकडे चालत जाताना

जूनमध्ये मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'हो' आणि 'ना' एवढे दोनच शब्द उरले. घरात रोज तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होत होती, पण ती ओठांवरची. मनातून देवाशी मी बोलत नव्हते. तरी आंगवण केली, नवस बोलले, की सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेनाला सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जाईन.

नोव्हेना म्हणजे फेस्ताआधीची, सायबाच्या सणाआधीची, नऊ दिवसांची प्रार्थना. ती २४ नोव्हेंबरला सुरू होते. आम्ही चौदाजण पहाटेच निघालो. बांदा, मग पत्रादेवीला गोव्याची हद्द. हायवेवर अंगावर येणारे ट्रक, म्हणून रांगेने चालायचं, पुढच्याच्या पाठीकडे बघत. धारगळला टाचेचा फोड फुटला. कोलवाळच्या पुलावर शापोरा नदीचा वारा लागला आणि मला रडूच फुटलं. बरोबरच्या मावशी थांबल्या.

"गो, सायबाक काय सांगतलंस?"

"काय सांगू? देव बरो म्हणतत. माका तसो दिसणा नाय."

"ह्याच सांग. रागान सांग, पण सांग."

रात्री म्हापशात मुक्काम. झोप येईना, म्हणून बायबलमधलं स्तोत्र २७ काढलं. जिवंतांच्या भूमीत परमेश्वराचा चांगुलपणा पाहीन असा भरवसा नसता तर, असं दावीद म्हणतो. आमच्या फादरांनी एकदा सांगितलं होतं की मूळ हिब्रूत ते वाक्य तिथेच तुटतं. 'नसता तर', आणि पुढे काहीच नाही. तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं होतं. त्या रात्री वाटलं, दावीदालाही पुढचं बोलवलं नसेल. मग मीही बोलले, सहा महिन्यांचं सगळं, उशीत तोंड खुपसून.

दुसऱ्या दिवशी पर्वरी, पणजी. पणजी ते रायबंदर हा पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला बांध तीन किलोमीटरांहून लांब, एका बाजूला मांडवी, दुसरीकडे मिठागरं. तिथे कुणी बोलत नव्हतं. मी सायबाचाच विचार करत होते. चीनला जायला निघालेला हा माणूस ३ डिसेंबर १५५२ रोजी सांशियान बेटावर तापाने गेला. चीनचा किनारा जवळच होता. त्याला पलीकडे नेणारा व्यापारी आलाच नाही. आणि आपण फेस्त करतो ते त्याच दिवशी, तो पोचू न शकला त्या दिवशी! इतकी वर्षं फेस्ताला आले, हे कधी मनात आलं नव्हतं.

बॉम जेझूत, जुन्या गोव्यातल्या त्या चर्चमध्ये, सायबाचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी खूप उंचावर आहे, मान वर करूनच बघावी लागते. मिस्टरांना बरं कर, हे मागायचंच होतं, मागितलं. पण त्याआधी म्हटलं, मी आलेय, अजून रागातच आहे.

बाहेर येऊन घरी फोन लावला. मुलीने तो बाबांच्या कानाला धरला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग अडखळत, तुटत एक शब्द आला.

"पा... य?"

"दुखतात," मी म्हटलं. "पण पोचले."

"हो," ते म्हणाले.